ताण, कंप, स्पर्श : प्रस्तावना

भिवंडीच्या नारपोलीतल्या जुन्या, साध्या यंत्रमागाला स्पर्श कळतो. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या पेटीतून त्या पेटीत फेकला जातो आणि प्रत्येक फेरीला बाण्याचं एक सूत मागे सोडतो. मागाच्या एका कडेला, फणीजवळ, बारीक दातांचा एक हलका काटा बसवलेला असतो. फणी पुढे आली की ताणलेलं सूत त्या दातांना टेकतं, काटा कलतो आणि त्याचं मागचं टोक उचललं जातं. कांडी संपली किंवा सूत तुटलं तर काट्याला टेकायला काहीच नसतं. तो कलत नाही, त्याचं शेपूट खालीच राहतं, मागून पुढे-मागे हलणाऱ्या आकड्यात अडकतं आणि त्या ओढीने चालू करण्याचा दांडा सुटून माग थांबतो. वीज लागते ती माग फिरवायला. सूत आहे की नाही हे ओळखायला वीज लागत नाही.

धोट्याची दखलही अशीच घेतली जाते. तो पेटीत नीट पोचला तर पेटीच्या बाजूची स्प्रिंग लावलेली पट्टी दाबतो. मध्येच अडकला तर पट्टी दबत नाही, एक पोलादी दांडा आडवा येतो आणि माग धाडकन थांबतो. तसा तो थांबला नाही तर फणीचा पुढचा ठोका धोट्यावर बसून शेकडो ताणे, म्हणजे उभी सुतं, एका क्षणात तुटतील. बाण्याच्या सुतावर नजर ठेवणारी अशी रचना इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नमध्ये केनवर्दी आणि बुलो या दोघांनी १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला मागावर बसवली. त्याच घराण्यातले माग पुढे आपल्याकडे आले.

प्राण्यांच्या स्पर्शज्ञानावरच्या पुस्तकाची सुरुवात मी या काट्यापासून करतो आहे, त्याला कारण आहे. काट्याला काय कळावं हे त्याचं वजन, त्याच्या दातांची लांबी आणि त्याची खीळ कुठे बसवली आहे यावर ठरतं. तो जड असेल तर बारीक सूत त्याला कलवू शकणार नाही आणि माग उगाच थांबत राहील. फार हलका असेल तर सूत नसतानाही मागाच्या हादऱ्याने कलेल आणि खोटी ग्वाही देईल. मागाची दुरुस्ती करणारा जॉबर पक्कड घेऊन काट्याचा दात किंचित वाकवतो तेव्हा तो मागाला काय जाणवावं आणि काय जाणवू नये हेच ठरवत असतो. कोळ्याच्या पायात, उंदराच्या मिशीत, माणसाच्या बोटाच्या पेरात हेच काम लाखो वर्षांच्या निवडीने झालं आहे. बाहेरचा धक्का मज्जातंतूपर्यंत पोचण्याआधी कवच, केस, द्रव, चरबी, सांधा अशा कशातून तरी जातो. त्या वाटेवर धक्क्याचा काही भाग मुरतो, काही वाढतो, काही पुढे जातच नाही. मज्जातंतूच्या हाती पडतं ते आधीच निवडलेलं असतं. या पुस्तकाला एवढीच एक गोष्ट सांगायची आहे, पण ती पुरेशी मोठी आहे.

शाळेत आपण त्वचेला पाच ज्ञानेंद्रियांतलं शेवटचं म्हणून शिकतो आणि तिच्या वाट्याला चार ओळी येतात. डोळ्याचं भिंग आणि कानाचा पडदा यांच्या आकृत्या काढाव्या लागतात, त्वचेचा फक्त उल्लेख असतो. डोळ्यातलं भिंग प्रकाशाला वाकवतं हे आपण सहज मान्य करतो. त्वचेतही अशीच भिंगं आहेत, फक्त ती प्रकाशाऐवजी बलाला वळवतात, हे कुणी सांगितलेलं नसतं. मला ही मोठी उणीव वाटते. यंत्रशास्त्राची अगदी प्राथमिक सूत्रं, म्हणजे तरफ, वाकणारी दांडी, ताणलेली तार आणि चिकट द्रव, एवढ्या भांडवलावर स्पर्शाचा बराच मोठा प्रदेश समजतो.

कोळ्यापासून सुरू करू. व्हिएन्ना विद्यापीठातल्या फ्रीडरिख बार्थ यांनी मध्य अमेरिकेतल्या क्युपिएनियस सालेई या जाळं न विणणाऱ्या, झाडाच्या पानावर दबा धरून बसणाऱ्या कोळ्यावर कित्येक दशकं काम केलं. या कोळ्याच्या कवचात हजारो सूक्ष्म चिरा आहेत. कवचावर ताण आला की चीर किंचित दबते, आणि तिच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूच्या टोकाला ते कळतं. पायाच्या शेवटच्या दोन पेरांमधल्या सांध्यापाशी अशा चिरांचा एक पुंजका असतो. पान हललं की पायाचं टोक वर-खाली होतं आणि ते या पुंजक्याला दाबतं. पण टोक आणि पुंजका यांच्यामध्ये मऊ कवचाची एक गादी आहे. २००७ साली बार्थ आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी ती गादी किती दबते, किती वेगाने दबते हे मोजून दाखवलं. सावकाश हालचाल असेल तर गादी दबून ती गिळून टाकते. सेकंदाला साधारण तीस-चाळीस वेळांहून जलद कंप आला तर गादीला दबायला सवडच मिळत नाही, ती ताठ राहते आणि कंप पुढे सरकतो. वाऱ्याने पान डोलतं ते बहुतेक सेकंदाला दहापेक्षा कमी वेळा. पानावरून चालणाऱ्या किड्याच्या पायांचा कंप त्याहून बराच जलद असतो. म्हणजे वारा आणि शिकार यांतला फरक ओळखण्याचं निम्मं काम मऊ कवचाच्या त्या तुकड्यानेच उरकलेलं असतं. कोळ्याच्या छोट्याशा मेंदूला वाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकावंच लागत नाही.

जाळं विणणाऱ्या कोळ्यांची गोष्ट याहून रोचक आहे, कारण त्यांचं इंद्रिय अर्धं शरीराबाहेर टांगलेलं असतं. पावसाळ्यानंतर येऊरच्या डोंगरात किंवा वज्रेश्वरीच्या बाजूच्या रानात गेलं तर दोन झाडांमध्ये मीटरभर रुंदीची, सोनेरी झाक असलेली जाळी दिसतात. ती नेफिला या मोठ्या कोळ्याच्या मादीची. मधोमध आठ पाय पसरून ती बसलेली असते, प्रत्येक पाय मधून बाहेर जाणाऱ्या एकेका तारेवर. माशी अडकली की तारेत दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. एक तारेला आडवी हलवते. तिचा वेग तारेला किती ताण आहे आणि तार किती जड आहे यावर ठरतो. दुसरी तारेच्या लांबीच्या दिशेने धावते. तिचा वेग रेशीम किती ताठ आहे यावर ठरतो आणि तो बराच जास्त असतो. ताणाचा विषय विणकराला कुणी शिकवायला नको. ताणे ढिले सोडले तर कापडात काय होतं आणि फार ओढले तर काय होतं हे नारपोलीत कुणालाही विचारावं. कोळी मात्र ताण बदलून स्वतःची ऐकण्याची पद्धतच बदलतो. ऑक्सफर्डच्या बेथ मॉर्टिमर, फ्रिट्झ व्होलराथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलं की जाळ्याची रचना, रेशमाचा ताठरपणा आणि तारांचा ताण या तिन्ही गोष्टी कोळ्याच्या हातात आहेत, आणि त्यामुळे कुठली लाट केव्हा कुठे पोचेल हेही काही प्रमाणात त्याच्या हातात आहे. जाळ्यांवरचं प्रकरण सर्वांत लांब झालं आहे, आणि ते आटोपशीर करावं असं मला वाटलं नाही.

विंचवाकडे कोकणातला माणूस वेगळ्या नजरेने बघतो, आणि ते साहजिक आहे. लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून मृत्यूंचं प्रमाण बरंच खाली आणलं आणि ते अनुभव ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकांतून जगापुढे ठेवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भारतीय विंचवांच्या जातींची नीट नोंद करणारा ग्रंथ टिकेदार आणि बस्तवडे यांनी १९८३ साली सिद्ध केला. विष आणि वर्गीकरण या दोन बाजूंनी आपल्याकडे एवढं काम झालं असताना विंचू जमिनीतून ऐकतो कसा, ही तिसरी बाजू मराठी वाचकापर्यंत पोचायला हवी.

फिलिप ब्राउनेल यांनी कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातल्या विंचवावर केलेला प्रयोग १९७७ साली ‘सायन्स’मध्ये आला. हा विंचू रात्री वाळूवर निश्चल उभा राहतो. अर्ध्या मीटरच्या आत किडा हलला तर त्याच्या दिशेने वळतो, आणि किडा वीतभर अंतरावर असेल तर नेमका त्याच्यावर जाऊन पडतो. आवाज, वास, नजर यांचा संबंध नाही. आठ पायांची टोकं साधारण पाच सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात टेकलेली असतात आणि प्रत्येक पायाच्या सांध्याशी चिरांचं इंद्रिय असतं. किड्याच्या हालचालीने वाळूत उठलेली लाट ज्या पायाला आधी पोचते ती बाजू शिकारीची. गंमत आहे ती वेगात. कोरड्या वाळूच्या पृष्ठभागावरून धावणारी लाट सेकंदाला फक्त ४० ते ५० मीटर जाते, म्हणजे पाच सेंटिमीटर ओलांडायला तिला साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो. विंचवाचे मज्जातंतू त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा फरकही ओळखतात. हीच लाट अखंड कातळात सेकंदाला हजारो मीटर धावते. तिथे आठही पायांना ती जवळजवळ एकाच क्षणी पोचेल आणि दिशा सांगणारा तो छोटासा उशीर नाहीसा होईल. भुसभुशीत जमीन लाटेला मंद करते आणि विंचवाला वेळ देते. इंद्रिय प्राण्याच्या अंगात असतं असं आपण समजतो. इथे त्याचा एक हिस्सा जमिनीत आहे.

सापाबद्दल थोडक्यात. त्याला बाहेरचा कान आणि कानाचा पडदा नसतो, पण आतला कान असतो आणि तो खालच्या जबड्याशी हाडांच्या साखळीने जोडलेला असतो. जबडा जमिनीला टेकलेला असला की जमिनीचा कंप थेट आत जातो. २०१२ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अजगरावर मोजमाप करून दाखवलं की त्याला कवटीचा कंप उत्तम कळतो, विशेषतः सेकंदाला ८० ते १६० च्या दरम्यानचा, पण हवेतल्या आवाजाचा दाब जवळजवळ कळत नाही. रात्री बांधावरून जाताना काठी आपटत जावं हा आपल्याकडचा जुना सल्ला या मोजमापाशी जुळतो.

उंदीर-घुशींची भिवंडीला ओळख करून द्यायला नको. गोदामं त्यांचीच आहेत. उंदराच्या मिशीच्या केसात कुठेही मज्जातंतू नाही. ती निर्जीव, टोकाकडे निमुळती होत गेलेली काडी आहे, आणि सगळं ज्ञान तिच्या मुळाशी असलेल्या कोशात होतं. मग अंधारात ताग्याची कड मिशीच्या कुठल्या भागाला लागली हे उंदराला कळतं कसं? मिशी ठरावीक कोनातून फिरली आणि मध्ये अडथळा आला तर ती वाकते. अडथळा मुळाजवळ असेल तर मुळाशी येणारा पीळ जास्त, टोकाकडे असेल तर कमी. सरळ, सारख्या जाडीच्या दांडीसाठी हे नातं व्यस्त प्रमाणाचं आहे: अंतर दुप्पट, तर पीळ निम्मा. अकरावी-बारावीचा विद्यार्थी हे गणित स्वतः करू शकतो, आणि पुस्तकात ते पायरीपायरीने केलेलं आहे. मिशी निमुळती असल्याने हिशेब थोडा बदलतो, पण तत्त्व बदलत नाही. मित्रा हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हेच तपशिलाने मांडलं.

आता माणसाच्या बोटाकडे यायचं, आणि इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे. ग्रे, म्हणजे धुलाई-रंगाई न झालेलं, कापड तपासणारा माणूस ताग्यावरून बोटं फिरवतो. साधारण कापडात इंचाला साठ ताणे धरले तर दोन ताण्यांमधलं अंतर ०.४२ मिलिमीटर येतं. बोटाच्या पेराची, ते स्थिर ठेवलं असता, बारकावा ओळखण्याची ताकद साधारण एक मिलिमीटर. म्हणजे बोट नुसतं टेकवून ठेवलं तर एकेक ताणा वेगळा कळणं शक्य नाही. पण बोट ताण्यांवरून आडवं सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने फिरवा. एका सेकंदात ते सुमारे २३६ ताणे ओलांडतं. त्वचेला सेकंदाला २३६ बारीक धक्के बसतात. माणसाच्या हातातलं कंपाचं सर्वांत तीक्ष्ण इंद्रिय सेकंदाला २०० ते ३०० कंपांनाच सर्वाधिक दाद देतं. जागेतला बारकावा, जो बोटाला दिसत नव्हता, गतीने वेळेत आणला आणि तो कळू लागला. स्पर्शात हालचालीचं स्थान किती मूलभूत आहे हे जर्मन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड काट्झ यांनी १९२५ सालच्या आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडलं होतं. तपासणारा माणूस बोट का फिरवतो याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला ठाऊक नाही. आणि एखादा ताणा गायब असेल तर त्या धक्क्यांच्या रांगेत एक खाडा पडतो.

कंपाचं हे तीक्ष्ण इंद्रिय म्हणजे पॅसिनी यांची कणिका. अब्राहम व्हाटर यांना ती अठराव्या शतकातच दिसली होती. एकोणिसाव्या शतकात फिलिपो पॅसिनी यांनी तिचं नीट वर्णन केलं आणि त्यांचं नाव तिला लागलं. लांबी साधारण एक मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी. मधोमध मज्जातंतूचं टोक आणि त्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे, पापुद्र्यांमध्ये द्रव. बाहेरून सावकाश दाब आला तर द्रव सरकून जागा करून देतो आणि मधल्या टोकापर्यंत काही पोचत नाही. दाब झटकन आला तर द्रवाला सरकायला वेळ नसतो, तो घट्ट होऊन दाब थेट आत ढकलतो. म्हणूनच अंगावर घातलेला सदरा आपल्याला दिवसभर जाणवत नाही, पण फोन थरथरला की कळतो. योग्य वेगाचा कंप असेल तर ही कणिका मीटरच्या दहा कोटीव्या हिश्शाएवढी हालचालही टिपते, म्हणजे केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. स्वीडनमध्ये २०१३ साली झालेल्या प्रयोगात माणसांना बोट फिरवून अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळा ओळखता आला.

बोटांच्या ठशांचाही यात हात असावा. पॅरिसच्या संशोधकांनी २००९ साली कृत्रिम बोटावर ठशांसारख्या समांतर रेषा कोरून दाखवलं की त्या रेषा पृष्ठभागाच्या खडबडीतपणातून नेमके याच वेगाचे कंप वेचून मोठे करतात. खऱ्या बोटाच्या बाबतीत हे किती लागू पडतं यावर पुढे बरीच चर्चा झाली आणि ती या पुस्तकात दोन्ही बाजूंनी दिली आहे. माझं मत ठशांच्या बाजूने झुकतं, पण पुरावा कृत्रिम बोटाचा आहे हे विसरता कामा नये.

इथेच एक सावधगिरी. यांत्रिक स्पष्टीकरण इतकं नेटकं असतं की सगळंच त्याने सुटतं असं वाटू लागतं. १९६० च्या दशकात वर्नर लोवेनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या शरीरातली कणिका घेऊन तिचे पापुद्रे सोलून काढले. सोललेल्या टोकावर दाब कायम ठेवला तर त्याचा विद्युत प्रतिसाद, जो एरवी क्षणात विरायचा, बराच वेळ टिकू लागला. पापुद्रे गाळणीचं काम करतात हे सिद्ध झालं. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं की तो प्रतिसाद टिकूनही मज्जातंतूतून संदेश मोजकेच निघतात आणि मग बंद होतात. गाळणीचा एक भाग पापुद्र्यांत होता, दुसरा खुद्द मज्जातंतूत. त्याच्याही खाली रेणूंचा मजला आहे: ताणाने उघडणारी पिएझो ही प्रथिनं आर्डेम पॅटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने २०१० साली शोधली आणि २०२१ साली त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासह नोबेल मिळालं. त्या मजल्यावर हे पुस्तक फारसं उतरत नाही. तिथल्या गोष्टी सांगणारी पुस्तकं येतील. सांधा, गादी, काडी आणि द्रव यांची गोष्ट मात्र सांगायची राहून जाते, आणि ती डोळ्यांना दिसणाऱ्या मापाची आहे.

हत्तींवर एक छोटं प्रकरण आहे. तळपायात आणि सोंडेच्या टोकात त्यांनाही पॅसिनीच्या कणिका असतात, आणि दोडामार्गच्या बागायतदारांना २००२ पासून त्यांचा शेजार आहे, म्हणून ते वगळावंसं वाटलं नाही.

शेवटी माणसं. यंत्रमागाच्या गाळ्यात आवाज ९० डेसिबलच्या पुढे असतो आणि त्यात वर्षानुवर्षं काम केलं की कान जातात, हे जगभर नोंदलेलं आहे. बोटांचं काय होतं याकडे कमी लक्ष जातं. अमेरिकेत इंडियानातल्या चुनखडीच्या खाणींत हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी धरणाऱ्या कामगारांची बोटं पांढरी पडून बधिर होतात हे ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली नोंदवलं. माग छिन्नीसारखा हातात धरायचा नसतो, त्यामुळे तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा आणता येणार नाही. पण बराच वेळ जोरदार कंप लागला की कंप ओळखण्याची ताकद तात्पुरती मंदावते, हे प्रयोगांतून पक्कं झालं आहे. ज्या माणसाचं काम बोटाने कापडातला दोष शोधण्याचं आहे, तो माणूस दिवसभर थरथरणाऱ्या फरशीवर उभा असतो. मधुमेही रुग्णाच्या पायाच्या अंगठ्यावर डॉक्टर सेकंदाला १२८ कंपांचा नादकाटा टेकवून ‘थरथर कळते का, कधी थांबली?’ असं विचारतात. यंत्रमाग कामगारांच्या आरोग्य तपासणीत कानांबरोबर बोटांच्या पेरांचीही अशी तपासणी व्हावी, असं मला मनापासून वाटतं. ती दोनदा करावी लागेल: पाळी संपल्या संपल्या एकदा, आणि सुट्टीच्या दिवशी, सगळे माग बंद असताना, पुन्हा एकदा. दोन्ही वेळा माणसाला गाळ्यापासून लांब, स्थिर जमिनीवर बसवावं लागेल, कारण नाहीतर त्याला नादकाट्याची थरथर कळली की शेजारच्या मागांची, हे सांगता येणार नाही.